वांकिडीची लाइन दुपारी का तुटते

माझा स्वभाव संशयी आहे, असं माझी बायको म्हणते. मी त्याला सावधपणा म्हणतो. इचोड्यासारख्या हमरस्त्यावरच्या गावात दुकान टाकून बसलेल्या माणसाला डोळे उघडे ठेवावेच लागतात. इथं दिवसभर नागपूरकडून हैदराबादकडं आणि हैदराबादकडून नागपूरकडं ट्रक जात असतात, आणि काल पाना उसना नेलेला ड्रायव्हर आज कुठल्या राज्यात असेल ते सांगता येत नाही. अशा ठिकाणी भोळेपणानं वागणारे दुकानदार मी पाह्यले आहेत. त्यांच्या जागी आता ढाबे आहेत.

आमचं दुकान फवारणी पंपांचं. पाठीवरचे पंप, बॅटरीवरचे पंप, त्यांच्या नळ्या, दांड्या, नोझल आणि वायसर. कपाशीवर किडीनं डोकं काढलं की दोन महिने सकाळ-संध्याकाळ आम्हाला उसंत नसते; दुपारी तेवढं गिऱ्हाईक शेतात असतं. दुसरं दुकान वांकिडीला, महाराष्ट्राच्या हद्दीलगत. ते माझे मेव्हणे उद्धवराव सांभाळतात. दोन दुकानांचा माल एका जागी दिसावा, कुठलं नोझल कुठं पडलं आहे ते बसल्या जागी कळावं, एवढ्यासाठी मी आदिलाबादच्या अनुपला गाठलं. हा अनुप दुकानांसाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहून देतो आणि मला काका म्हणतो.

अनुपनं आमच्या मागच्या खोलीत एक यंत्र बसवलं. त्याला तो सर्व्हर म्हणे. दोन्ही दुकानांचा सगळा माल आणि सगळी बिलं त्याच्या पोटात राहणार, आणि उद्धवराव वांकिडीला जे बिल करतील ते इंटरनेटवरून येऊन इथंच लिहिलं जाणार. या यंत्रासाठी त्यानं वेगळी खोली, वेगळा पंखा आणि आजूबाजूला शांतता मागितली. माझ्या लग्नात नवरदेव असूनही माझी एवढी बडदास्त राखली गेली नव्हती. पण काम सुरू झालं आणि मी खूश झालो. वांकिडीत एक वायसर विकला तरी इचोड्यात मला दिसे. गल्ल्यावर बसून मी मेव्हण्याचं दुकान पाहत असे. आता तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला त्यात फार सुख वाटे.

आणि मग एका दुपारी उद्धवरावांचा फोन आला. "भाऊजी, लाइन तुटली."

म्हणजे काय झालं, तर त्यांनी बिल करायला घेतलं, पडदा बराच वेळ तसाच राह्यला आणि मग त्यावर अक्षरं आली की सर्व्हरशी संपर्क तुटला आहे. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की सगळं सुरळीत. पण अर्धं झालेलं बिल गेलं ते गेलंच. मी म्हटलं, होतं एखाद्या वेळी. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तोच फोन. तिसऱ्या दिवशीही. गिऱ्हाइकाची बस सुटायला आलेली असे. उद्धवराव माल देऊन मोकळे होत, बिल नंतर करू म्हणत आणि गर्दीत विसरून जात. आठवडाभरात अशी अवस्था आली की संगणकाच्या म्हणण्याप्रमाणे वांकिडीच्या मांडणीवर पंप होते, आणि उद्धवरावांच्या म्हणण्याप्रमाणे मांडणीवर फक्त मांडणी होती.

मी विचार करू लागलो. माझ्या गल्ल्यावरचा संगणक त्याच सर्व्हरला जोडलेला. माझी लाइन एकदाही तुटत नाही. सकाळी वांकिडीची तुटत नाही, गर्दीच्या वेळी तुटत नाही. तुटते ती दुपारी, जेवणं झाल्यावर, दुकानात कोणी नसताना. यंत्राला दुपार काय आणि सकाळ काय. दुपार माणसाला कळते.

तरी मी एकदम कोणावर आळ घेणारा माणूस नाही. मी फक्त फोन करू लागलो. दर थोड्या वेळानं फोन लावून विचारायचो, चालू हाय का. उद्धवराव बिचारे काहीतरी दाबून पाहत आणि सांगत, चालू हाय. असं मी दिवसभर केलं. लाइन तुटली नाही. दुसऱ्या दिवशीही केलं, तरी तुटली नाही. मग उटनूरला एका लग्नाला गेलो. तिथं पंगतीत वाढपी आडवेतिडवे धावत होते, फोन करायचा राहून गेला. परत आलो तर वांकिडीहून निरोप होता, दुपारी लाइन तुटलीती. मी पुन्हा फोन सुरू केले आणि लाइन पुन्हा शहाण्यासारखी वागू लागली.

माझं लक्ष असलं की तुटत नाही आणि लक्ष हटलं की तुटते. याचा अर्थ काय होतो, तो मी तुमच्यावर सोडतो. मी माझ्यापुरता लावला होता.

शेजारच्या टायरवाल्या फकिराभाऊंना मात्र माणसात दोष दिसेना. त्यांच्या मते सगळा घोळ अर्थिंगचा होता. जमिनीत वीज नीट उतरत नाही, म्हणून ती तारेत राहते, आणि दुपारी जमीन तापली की उलटी येते, असा त्यांचा सिद्धांत. त्यांनी स्वतःच्या घरची बोअर अर्थिंगनं सुधारल्याचा दाखला दिला. मी म्हटलं, करून पाहू, त्यात आपलं काय जातं. दुकानासमोर खड्डा खणायला घेतला. मीठ आणलं, कोळसा आणला, तांब्याची पट्टी आणली. फकिराभाऊ कडेला उभे राहून अजून खोल, अजून खोल असं म्हणत होते, तेवढ्यात ग्रामपंचायतीचा पाण्याचा पाइप फुटला.

पाण्याचा जोर आमच्या गावात इतका असतो, हे मला त्या दिवशी कळलं. आधी फकिराभाऊंचे टायर तरंगले. मग आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया रिकाम्या कळशा घेऊन माझ्या दुकानासमोर येऊन उभ्या राह्यल्या आणि भरून घेऊन गेल्या. घरचे नळ कोरडे पडल्यामुळे जाताना प्रत्येकीनं मला काही ना काही सांगितलं. पंचायतीचा माणूस आला. त्यानं विचारलं, रस्ता कोणाच्या परवानगीनं खोदला. मी म्हटलं, वांकिडीची लाइन तुटते म्हणून खोदला. त्यानं मान वर केली आणि वांकिडी कुठल्या दिशेला आहे ते पाहून घेतलं.

पाइपाचं मिटवायला मला पांडुरंगरावांकडं जावं लागलं. पांडुरंगराव तहसिलीतून निवृत्त झालेले, आणि अर्ज म्हणजे दरख्वास्त, चौकशी म्हणजे तहकीकात, अशी त्यांची भाषा अजून कायम. त्यांनी पंचायतीला समजावलं, आणि वर मला सल्ला दिला की इंटरनेटच्या कंपनीकडं रीतसर दरख्वास्त लावा. मी लावली. फोनवर एक बाई तेलुगूत बोलल्या, मग हिंदीत बोलल्या, मग त्या बाई नसून रेकॉर्ड आहे असं लक्षात आलं. तक्रारीला नंबर मिळाला. मी मोठ्या आशेनं वाट पाहत बसलो. काही दिवसांनी मोबाइलवर संदेश आला, की या तक्रारीवर बराच काळ काही हालचाल न झाल्यामुळे ती बंद करण्यात येत आहे.

हालचाल त्यांनी करायची होती, असं मला वाटत होतं.

मी आदिलाबादला त्यांच्या ऑफिसात गेलो. टेबलामागच्या तरुणानं तेलुगूत विचारलं, नेट वस्तुंदा. म्हणजे नेट येतं का. माझी तेलुगू दुकानापुरती आहे. मी म्हटलं, वस्तुंदी, येतं. मग त्यानं विचारलं, मग त्रास काय आहे. मी सांगितलं की येतं, पण जातं. केव्हा जातं? कोणी पाहत नसलं की जातं. तुम्ही पाह्यलं तर? तर जात नाही. त्यानं पेन खाली ठेवलं आणि बाजूच्या माणसाला बोलावलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दोघांनी वांकिडीची लाइन तिथूनच तपासली. उत्तम चालू होती. व्हॉट्सअ‍ॅप चालतं का? चालतं. व्हिडिओ दिसतो का? दिसतो. मग त्या बाजूच्या माणसानं मोठ्या मायेनं मला पाणी दिलं आणि सोबत कोणी आलं आहे का, असं विचारलं.

अनुपला बोलावलं. तो वांकिडीला जाऊन दिवसभर बसला, सारखी बटनं दाबून पाह्यली, बिलं केली, खोडली, पुन्हा केली. लाइन हललीसुद्धा नाही. संध्याकाळी इचोड्याला उतरून तो म्हणाला, आपल्या बाजूनं सगळं बरोबर आहे काका, युजरकडून काहीतरी होत असेल. युजर म्हणजे वापरणारा. वांकिडीला वापरणारा एकच होता.

मी हे घरी जेवताना बोललो. म्हणजे नाव घेतलं नाही. नुसतं म्हणालो की काही माणसांना दुपारी हिशेब नको असतो. माझ्या बायकोचं नाव चंचल, पण तिच्याइतकी एका जागी ठाम बसणारी बाई मी दुसरी पाह्यली नाही. तिनं भाकरी थापणं थांबवलं नाही की माझ्याकडं पाह्यलं नाही.

"दादाबद्दल बोलाचं असंल तं नाव घेऊन बोला," ती म्हणाली. "तुमाले वांकिडीत उभं राहाले कोनी नव्हतं, तवा तो आपला भाजीचा मळा दुसऱ्याले लावून देऊन आला. हे बी त्यात धरा."

मी म्हटलं, मी कोणाचंच नाव घेतलं नाही. ती म्हणाली, म्हणूनच सांगून राह्यली. त्यानंतर घरात माझ्याशी कामापुरतं बोलणं राह्यलं.

अशा परिस्थितीत शहाण्या माणसानं गप्प बसायला हवं होतं. मी पांडुरंगरावांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि सांगितलं की अशा मामल्यात कागदावर काही निष्पन्न होत नसतं. मौक्यावर, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर, जाऊन तहकीकात करा, आणि जाताना इत्तिला देऊ नका, म्हणजे आधी कळवू नका.

मी चंचलला सांगितलं, माल पाहायला आदिलाबादला जातो, आणि उलट्या दिशेची बस धरली. उटनूर, मग जैनूर, मग आसिफाबाद, मग वांकिडी. ओळखू येऊ नये म्हणून काळा चष्मा लावला, तोंडाला रुमाल बांधला आणि डोक्यावर एका खताच्या कंपनीची टोपी घातली. बसमध्ये माझ्या शेजारची जागा आसिफाबादपर्यंत कोणी घेतली नाही. तेव्हा मला वाटलं, वेष चांगला जमला आहे.

उद्धवरावांच्या दुकानासमोर रस्त्यापलीकडं तुळजाबाईचं चहाचं हॉटेल आहे. त्याच्या एका बाजूला ऊन लागू नये म्हणून जुना फ्लेक्स बांधलेला. मी त्या फ्लेक्सच्या आड बाकावर बसलो. तिथून दुकान थेट दिसत होतं. गल्ला, संगणक, भिंतीवरची इंटरनेटची डबी आणि तिच्यातून निघालेली तारही. तुळजाबाईनं विचारलं, कुठून आले. मी रुमालातून सांगितलं की मालाचा एजंट आहे. ती बरं म्हणाली आणि चहा ठेवून गेली. रुमाल काढल्याशिवाय चहा पिता येत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी फ्लेक्सकडं तोंड करून प्यायलो.

आता मी जे पाह्यलं ते जसंच्या तसं सांगतो. उद्धवरावांनी एका गिऱ्हाइकाला बिल करून दिलं. गिऱ्हाईक गेलं. त्यांनी कपड्यानं गल्ल्याची काच पुसली. डबा उघडला, जेवले, डबा मागं जाऊन धुतला आणि आणून उन्हात पालथा घातला. मग खुर्चीवर येऊन बसले. दोन्ही हात पोटावर. झोपले नाहीत, डोळे उघडे होते. रस्त्यावरून शेळ्या गेल्या त्या त्यांनी पाह्यल्या. एक लग्नाचा टेम्पो गेला तोही पाह्यला. मी त्यांच्या हातांवरून नजर हलवली नाही. ते हात तारेकडं गेले नाहीत. बटनाकडं गेले नाहीत. कुठंच गेले नाहीत. मी चहावर चहा घेत होतो आणि मनातून म्हणत होतो, कर की काहीतरी. एवढा प्रवास करून आलोय मी.

तुळजाबाई एव्हाना माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं पाहू लागली होती. काळा चष्मा लावलेला एक माणूस दुपारभर एका दुकानाच्या गल्ल्यावर टक लावून बसला आहे, यातून कोणीही जो अर्थ काढेल तोच तिनं काढला. बाजूच्या पानठेल्यावरची दोन माणसं येऊन माझ्या बाकाच्या दोन टोकांना बसली. नुसती बसली.

तेवढ्यात दुकानात एक म्हातारा शेतकरी आला. उद्धवराव उठले, त्यांनी मांडणीवरून दांडी काढून दिली आणि संगणकावर बिल करायला घेतलं. थोडं थांबले. पुन्हा काहीतरी दाबलं. पुन्हा थांबले. मग कपाळावर हात ठेवला. मला लांबूनही कळलं. तुटली. माझ्या डोळ्यांदेखत तुटली, आणि कोणी तिला हात लावला नव्हता. उद्धवरावांनी खिशातून फोन काढला आणि कानाला लावला.

माझ्या फोनला ढोलकी-झांजांची जोरदार धून लावलेली आहे. दुकानात गर्दी असली तरी ऐकू यावी म्हणून मीच ती लावून घेतली. ती माझ्या खिशात वाजू लागली. रस्त्यावर त्या वेळी दुसरा कसलाच आवाज नव्हता. उद्धवरावांनी मान वर केली. म्हाताऱ्यानं मान वळवली. बाकावरची दोघं जरा सरकली. मी घाबरून, सवयीनं, फोन उचलला आणि म्हणालो, "बोला."

उद्धवराव रस्त्यापलीकडून माझ्याकडं पाहत होते आणि फोनमध्ये बोलत होते.

"भाऊजी, लाइन तुटली," ते म्हणाले. थोडं थांबले. "आन तुमी तिकडं काऊन बसले? दुकानात या."

रस्ता ओलांडायला मला किती वेळ लागला, ते मला आठवत नाही. टोपी मी काढून हातात घेतली होती. मागून तुळजाबाई बाकावरच्या दोघांना सांगत होती की हे तर आपल्या उद्धवरावांचे जावईबुवा. मी चहा बिनपैशाचा पिऊन चाललो आहे, हेही तिनं त्यांना सांगितलं.

उद्धवरावांनी मला माठातलं पाणी दिलं. जेवण मागवलं. म्हाताऱ्याला हातानं बिल लिहून देऊन वाटेला लावलं. तेवढ्यात मी भिंतीवरची डबी किती स्वच्छ ठेवली आहे अशा अर्थाचं काहीतरी बोललो. माझं जेवण झाल्यावर ते समोर बसले.

"मले वाटे, तुमीच तिकडून बंद करून राह्यले," ते म्हणाले. "मी दुपारी झोपतो का काय, ते पाहाले. दिवसभर फोन करत, चालू हाय का, चालू हाय का. मी म्हनलं, जाऊ दे, मोठे हाय, पाहू दे. पन तुमी असं तोंड बांधून येसान, हे मले वाटलं नव्हतं."

मी काहीतरी सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. गळ्यातली दुकानाची चावी काढून त्यांनी काचेवर ठेवली आणि सांगितलं की हंगाम होईपर्यंत दुकान उघडतो आणि लावतो. त्यानंतर तुमची चावी तुम्ही घेऊन जा. मळा अजून आहे.

मी परतीच्या बसमध्ये बसलो. या वेळी चष्मा लावला नव्हता, तरी शेजारी कोणी बसलं नाही. घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. वांकिडीहून चंचलच्या वहिनींचा फोन येऊन गेला होता. चंचलनं ताट वाढलं. आदिलाबादला माल कसा होता, एवढंच तिनं विचारलं. मी बरा होता म्हणालो. यापेक्षा तिनं भांडण केलं असतं तर मी चवीनं जेवलो असतो.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. हंगामात ती येतेच, पण त्या दिवशी माल न लावता माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि म्हणाली, काल काय पाह्यलं ते पहिल्यापासून सांगा. मी म्हटलं, सांगण्यासारखं काही नाही. त्यानं काहीच केलं नाही. जेवला, बसला. वायरला हात लावला नाही, संगणकाला लावला नाही. कोणीच काही केलं नाही आणि लाइन तुटली.

तिनं वायसरांचा डबा बाजूला सारला.

"मंग तेच तं हाय," ती म्हणाली. "कोनीच काई करत नाई, तवाच तुटते. तुमी फोन करता तवा दादा काईतरी दाबून पाह्यते, मंग तुटत नाई. अनुप जाते तं दिवसभर बटनं दाबून राह्यते, मंग बी तुटत नाई. गर्दीत नाई तुटत. जेवून हात धरून बसलं की तुटते."

मी म्हटलं, असं कधी असतं का. यंत्राला काय राग येतो, बोललं नाही म्हणून? तिनं भावाला फोन लावला. माझ्याशी तो बोलत नव्हता, पण बहिणीशी बोलायला त्याला काही अडचण नव्हती. तिनं सांगितलं, दादा, जेवल्यावर संगणकाला बोट लावू नको, आणि मग एक बिल करून पाहा. लाइन तुटली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, आज जेवतानाही अधूनमधून डाव्या हातानं एखादं बटन दाबत राहा. तुटली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोट लावू दिलं नाही, आणि पुन्हा तुटली. खरं सांगतो, तिसऱ्या दिवशी मी मनातून देवाला म्हणत होतो की आज तरी तुटू नको. माझा मौका-तपास, माझी टोपी, माझा फुटलेला पाइप, हे सगळं तिच्या एका स्टुलासमोर हलकं होऊन चाललं होतं.

मी अनुपला फोन करून हे सांगितलं, थोडंसं माझ्याच शब्दांत, म्हणजे मी शोधून काढल्यासारखं. मग तो म्हणाला, "काका, काकूंले द्या फोन."

त्यानं तिला समजावलं आणि तिनं मला. इचोडा आणि वांकिडी यांच्या मध्ये इंटरनेट कंपनीची यंत्रं असतात. कोण कोणाशी बोलतो आहे ते ती ध्यानात ठेवतात. पण एखाद्या जोडीत बराच वेळ काही बोलणंच झालं नाही, तर यांचं काम संपलं असं समजून ती त्यांची आठवण पुसून टाकतात. वाईट हे की सांगत नाहीत. इकडच्याला वाटतं तिकडचा आहे, तिकडच्याला वाटतं इकडचा आहे. बोलायला जावं तेव्हा कळतं. माझ्या गल्ल्याची तार थेट मागच्या खोलीत जाते, मध्ये कोणी नाही, म्हणून माझी कधी तुटली नाही. इलाज असा की सर्व्हरनंच मधूनमधून एक रिकामा निरोप वांकिडीला पाठवत राहायचं. अनुपनं ते आदिलाबादला बसल्या बसल्या, चहा थंड व्हायच्या आत करून टाकलं. त्याला कीप-अलाइव्ह म्हणतात असं तो म्हणाला.

मी विचारलं, त्या निरोपात काय असतं. तो म्हणाला, काहीच नाही काका, हा म्हणतो 'आहेस का', तो म्हणतो 'आहे'. एवढंच. एवढ्यासाठी मी गल्ली पाण्याविना ठेवली होती.

लाइन तुटायची थांबली. चावी मात्र काचेवरच होती; दुकान उघडलं की उद्धवराव ती गळ्यात न घालता तिथंच ठेवत. हंगाम उतरणीला लागला तसा चंचलनं विषय काढला नाही. फक्त एका सकाळी नवं लुगडं नेसून उभी राह्यली आणि म्हणाली, चला वांकिडीला. मी आदल्या दिवशीच पांडुरंगरावांना विचारून ठेवलं होतं की माफी कशी मागावी. त्यांनी तसफियाचं, म्हणजे समेटाचं, एक लांब वाक्य तयार करून दिलं होतं, त्यात गैरसमज हा शब्द तीनदा होता आणि मी हा शब्द एकदाही नव्हता. उटनूर ते आसिफाबाद मी ते पाठ करत होतो.

वांकिडीला उतरलो तर तुळजाबाईनं हॉटेलातूनच विचारलं, आज चष्मा नाही आणला का. मी आधी तिचे चहाचे पैसे दिले. मग रस्ता ओलांडला. उद्धवराव वायसर निवडत बसले होते. त्यांनी बहिणीला ये म्हटलं, मला बसा म्हटलं, आणि पुन्हा वायसर निवडू लागले. मी उभाच राह्यलो. पाठ केलेलं वाक्य सुरू करायला तोंड उघडलं, तर त्याचं पहिलंच टोक सापडेना.

"उद्धवराव, मी चुकलो," मी म्हणालो. "तुमच्यावर संशय घ्याले नाई पाह्यजे होता."

त्यांनी हातातला वायसर उजेडाकडं धरून पाह्यला, डब्यात टाकला आणि म्हणाले की संशय त्यांनीही घेतला होता. चंचल उठली, काचेवरची चावी उचलून तिनं भावाच्या गळ्यात घातली आणि डबा उघडला. तिनं पिठलं आणि ज्वारीची भाकर आणली होती. तिघांनी गल्ल्यामागंच बसून खाल्लं. उद्धवरावांनी मला दुसऱ्यांदा पिठलं वाढलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

जेवण झाल्यावर ठरवून कोणीच संगणकाला हात लावला नाही. दुपार पुढं सरकली. बऱ्याच वेळानं एक जोडपं नळी घ्यायला आलं. उद्धवराव संगणकासमोर बसले, मी त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर. त्यांनी बटन दाबलं आणि बिल लगेच उघडलं. पहिल्या फटक्यात. त्यांनी माझ्याकडं पाह्यलं, मी त्यांच्याकडं पाह्यलं. इतक्या दिवसांनी आम्ही एकमेकांकडं पाहून हसलो. त्यांनी नळी लिहिली, दांडी लिहिली, आणि पडदा एकदम काळा झाला.

मी उद्धवरावांच्या हातांकडं पाह्यलं. उद्धवरावांनी माझ्या पायांकडं पाह्यलं. संगणकाचं बटन खाली, माझ्या खुर्चीच्या अगदी जवळ होतं.

"लाइट गेली," चंचल म्हणाली. "वरता पंखा बंद झाला, दिसत नाई का तुमाले?"

ते तर आम्हाला माहीतच होतं, असं आम्ही दोघंही म्हणालो. थोड्या वेळानं लाइट आली, पंखा फिरू लागला आणि जोडप्याचं बिल झालं. माझ्यासाठी चहा सांगायला म्हणून उद्धवराव उठले आणि जाता जाता त्यांनी माझी खुर्ची, माझ्यासकट, त्या बटनापासून जराशी दूर सरकवून ठेवली.